इंजिन ठणठणीत, तरी गाडी ओढत नाही: ताकद कुठे गळते ते शोधल्याच्या नोंदी

आमचा कळव्यात मंडप-डेकोरेशनचा छोटा धंदा आहे. गाडी २०१२ची, डिझेल. इंजिन पुढे, त्यामागे गिअरबॉक्स, मग ताकद मागे नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, आणि मागच्या ॲक्सलमध्ये ती दोन्ही चाकांना वाटून देणारं डिफरन्शियल. या मांडणीच्या कुठल्याही गाडीला या नोंदी लागू पडतील. बाबांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं, त्यांचे कान आणि नाक या कामात सतत सोबत होते. हात माझे.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर काल गाडी दुसऱ्या गिअरवर आणावी लागली. मागे फक्त गालिचे आणि कनातीचे बांबू होते. दोन वर्षांपूर्वी हाच माल घेऊन मी तिसऱ्यात चढत होते. इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी वाढत नाही.

दिवाळीआधी यावर ११,४०० रुपये घातलेत: इंजेक्टर साफ केले, डिझेल आणि एअर फिल्टर बदलले, टर्बोचा एक पाइप नवा टाकला. काडीचा फरक पडला नाही. आता गॅरेजवाले म्हणतात इंजिन उघडू या, ५५ हजार धरा. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं बरोबर आलंय, धूर नाही, ऑइल कमी होत नाही. मग उघडायचं कशासाठी?

बाबा म्हणाले, "इंजिनाचा आवाज मोकळा आहे. ते कमावतंय. मधे कोण खातंय ते बघ."

तुळशीचं लग्न तीन दिवसांवर आलंय, म्हणजे सीझन सुरू. गाडी चार दिवस सलग उभी ठेवता येणार नाही. जे करायचं ते दोन ऑर्डरींच्या मधे.

१२ नोव्हेंबर

टायरमधली हवा तपासली. पुढे २४, मागे २६. हवी होती ३५. पंपावर भरून घेतली. इंजेक्टरच्या आधी हे बघायला हवं होतं, ते बघितलं नाही.

लांबून तापमान दाखवणारी गन घेतली, १,१५० रुपये. घणसोलीहून ठाणे-बेलापूर रस्त्याने विटाव्यामार्गे घरी आले. शेवटचा पट्टा शक्य तितका ब्रेक न मारता चालवला आणि उतरल्या उतरल्या चारही चाकांचं माप घेतलं:

पुढचं डावं ७४ अंश. पुढचं उजवं १८२. मागचं उजवं ५८. मागचं डावं १२१.

दोनदा मोजलं, तेच आलं. उजव्या पुढच्या चाकाच्या जाळीतून हवा थरथरताना दिसत होती. डिस्कच्या कडेला निळसर झाक आलीय, तव्याला येते तशी. ही गन नसती तर मी हात लावून बघितलं असतं. कुणी तसं करू नका, १८२ अंशांवर कातडी चिकटते.

ब्रेक दोन चाकांना धरून बसलेत हे कळलं. पण त्यात नेमकं किती जातंय, हे कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही असं ठरवलं. आधीचे अकरा हजार अंदाजावर गेलेत.

१७ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस मोजण्यात गेला आणि सार्थकी लागला.

आदल्या दिवशी वजनकाट्यावर गाडी नेली, १०० रुपये. टाकी भरलेली, आम्ही दोघं आत: १,७०० किलो.

पहाटे साडेपाचला पाम बीच रोडचा नेरूळकडचा सरळ पट्टा. पद्धत साधी आहे. साठच्या वर जायचं, न्यूट्रल करायचं, आणि ६० वरून ४० वर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. वेग मोबाइलच्या जीपीएसवरचा, कारण गाडीचा काटा चारने जास्त दाखवतो. घड्याळ बाबांच्या हातात. मागे कुणी नाही याची खात्री करूनच. त्या वेळी धावणारे आणि सायकलवाले असतात, त्यांच्यापासून लांब.

पहिल्या तीन फेऱ्या एकाच दिशेने घेतल्या. साडेपंधरा सेकंद. मी आकडा लिहून निघतच होते. बाबांनी गाडी वळवायला लावली. उलट दिशेने १२.८ आले. वारा आणि रस्त्याचा न जाणवणारा उतार यांनी एवढा फरक पडतो, तेव्हा दोन्ही दिशा घ्याव्याच लागतात. मधला आकडा १४ सेकंद.

हिशेब: वेग ताशी २० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५.५६ मीटरने घटला. १,७०० गुणिले ५.५६ भागिले १४, उत्तर साधारण ६७५ न्यूटन. ताशी ५० ला एवढा रोध ओढायला ९.४ किलोवॉट लागतात, म्हणजे साडेबारा अश्वशक्ती. पुस्तिकेप्रमाणे इंजिनच ६३ चं आहे.

यात हवेचा आणि टायरचा रास्त वाटा आहे, तो जाणारच. रास्त किती हे कसं कळणार? माझा आतेभाऊ सीवूड्सला राहतो, त्याच्याकडे हेच मॉडेल आहे. त्याला झोपेतून उठवून त्याच रस्त्यावर, तेवढीच माणसं बसवून फेऱ्या घेतल्या. साडेवीस सेकंद. म्हणजे ४६० न्यूटन.

आमची गाडी त्याच्यापेक्षा २१५ न्यूटन जास्त खातेय, तेही न्यूट्रलमध्ये. न्यूट्रलमध्ये क्लच आणि इंजिन यांचा चाकांशी संबंध तुटलेला असतो. म्हणजे ही गळती त्यांच्या पुढची आहे: शाफ्ट, डिफरन्शियल, बेअरिंग किंवा ब्रेक.

२० नोव्हेंबर

पुढचं उजवं. गाडी जॅकवर, खाली स्टँड, बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे. सामान मोजायचा लटकता काटा २५० रुपयांना आणलाय. टायरच्या कडेला दोरी गुंडाळून काट्याने ओढलं. डावं चाक २ किलोवर फिरतं, उजवं साडेनऊवर.

डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली खालची गंजून बसली होती. पॉलिश पेपरने घासली, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं चासिसचं ग्रीस इथे लावू नये, रबरी बूट फुगतो आणि पिन पुन्हा अडकते. बसवल्यावर काटा ३ किलो. आनंदाने टूलबॉक्स बंद केला.

२१ नोव्हेंबर

खोपटला माल टाकून परत आले. उजवी डिस्क १६८. काटा पुन्हा नऊ. गार झाल्यावर तीन.

रात्री बाबा खुर्ची टाकून बसले आणि सांगत गेले, मी करत गेले. ब्रेक दोनदा दाबला, सोडला. चाक जाम. होजपाइप जिथे लोखंडी नळीला जोडतो तिथला नट ढिला केला. दोन थेंब आले, चाक जामच. नट आवळला. मग कॅलिपरचं निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, उघडलं. पिचकारी उडाली आणि चाक हातात मोकळं आलं.

म्हणजे दाब होजपाइपच्या अलीकडे नव्हता, पलीकडे कोंडला होता. जाताना ऑइल जातं, येताना येत नाही. बाहेरून होज चांगला दिसत होता, एक चीरही नाही. काढून ब्लेडने उभा कापला तेव्हा आतलं रबर फुगून जवळजवळ मिटलेलं होतं, आणि एका जागी त्याची पापणीसारखी चकती सुटून लोंबत होती. पेडलच्या जोराने ती उघडायची आणि पाय काढला की आपणच मिटायची.

पिन घासून मी थांबले असते तर हा दोष कधीच सापडला नसता. गंजलेली पिनही खरी होती, पण मूळ कारण हे.

दोन्ही बाजूंचे होज ९०० रुपये, ब्रेक ऑइल ३५०. जुनं ऑइल काळ्या चहासारखं निघालं. सांडलेलं लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतो.

२७ नोव्हेंबर

मागचं डावं. ड्रम निघेना. ड्रमवर दोन आट्यांची भोकं असतात, त्यात बोल्ट आळीपाळीने पिळत गेले की ड्रम आपोआप बाहेर येतो. मला हे माहीत नव्हतं, तासभर हातोडी मारली आणि ड्रमची कड उडवली. वापरता येतोय, पण उगाच झालं.

आत हँडब्रेकची केबल गंजून अर्ध्यावर अडकलेली. याला मीच कारण. जूनपासून सप्टेंबरपर्यंत काम कमी असतं, गाडी उघड्यावर पावसात हँडब्रेक ओढून उभी असते. या पुढे पावसाळ्यात गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावणार.

केबल ६५०, लायनर (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्या) ११०० रुपये. उजवी बाजू मुद्दाम उघडली नाही, स्प्रिंगा कशा बसतात ते बघायला एक बाजू शाबूत हवी.

चूक: मी आधी केबल ताणून हँडब्रेक हाताला छान लागेल असा केला आणि मग ड्रम चढवला. लायनर परत घासायला लागले. क्रम उलटा आहे. आधी आतला ॲडजस्टर, चाक मोकळं फिरतंय ते बघायचं, आणि केबल अगदी शेवटी. अर्धा दिवस गेला, माजिवड्याची एक डिलिव्हरी रिक्षा-टेम्पोने पाठवावी लागली.

१ डिसेंबर, रविवार

पाम बीच, तीच वेळ, तीच हवा टायरमध्ये, तेवढंच डिझेल. १९ सेकंद.

६७५ वरून ४९७ न्यूटन. ताशी ५० ला जवळजवळ अडीच किलोवॉट परत मिळाले. आमच्या बाथरूममधल्या गीझरवर २ किलोवॉट लिहिलंय. त्याहून मोठा गीझर गाडीखाली कित्येक महिने अखंड चालू होता आणि त्याचं डिझेल मी भरत होते.

परतताना तसेच गायमुखला गेलो. रिकामी गाडी मस्त. संध्याकाळी माल भरून गेले, तर पुन्हा तेच. आवाज वाढतो, गाडी नाही. खूप वाईट वाटलं. बाबांनी विचारलं, "चढावर वास येतो का?" येतो, जळक्या पुठ्ठ्यासारखा. मला तो आजवर पुढच्या ट्रकचा वाटत होता.

५ डिसेंबर

सपाटीवर न्यूट्रलमध्ये न दिसणारी आणि फक्त जोर लावला की दिसणारी गळती. क्लच. पण आता अंदाज नाही, आकडा.

क्लच घसरत नसेल तर इंजिनाचे फेरे आणि चाकाचे फेरे यांचं नातं पक्कं असतं. चौथ्या गिअरमध्ये आमच्या गिअरबॉक्सचं प्रमाण एकास एक आहे, म्हणून फक्त डिफरन्शियलचं प्रमाण काढायचं. मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, न्यूट्रल, शाफ्टवर खडूची रेघ. चाक एक फेरा फिरवलं, शाफ्ट दोन फेऱ्यांच्या थोडा पुढे गेला. २.१५ लिहिलं आणि पुढचा सगळा हिशेब चुकला. एकच चाक फिरत असताना डिफरन्शियल फेरे निम्मे करतं, तेव्हा उचललेलं चाक दोन फेरे फिरवावं लागतं. खरं प्रमाण ४.३.

टायरवर खडू लावून गाडी ढकलली, एका फेऱ्यात २.१३ मीटर. ताशी ४० म्हणजे मिनिटाला ६६७ मीटर, चाकाचे ३१३ फेरे, इंजिनाचे साधारण १,३४५.

८ डिसेंबर, रविवार

मीटरमध्ये आरपीएमचा काटा नाही, म्हणून वागळे इस्टेटमधल्या मिस्त्रींचा स्कॅनर एका दिवसासाठी मागून आणला. पहाटे गायमुख, गाडी भरलेली, चौथा गिअर.

सपाटीवर ताशी ४० ला १,३४०. हिशेबाशी जुळलं. चढ लागला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला: वेग ४० वरच, आकडा १,५००, १,६५०, १,७५०. बाबा एकेक आकडा मोठ्याने वाचत होते आणि मागून तो वास.

इंजिन १,७५० ने फिरतंय, गिअरबॉक्सपर्यंत १,३४५ पोचतायत. क्लच घसरतो तेव्हा जेवढ्या टक्क्यांनी फेरे कमी होतात तेवढेच टक्के ताकद उष्णता होऊन जाते. इथे २३ टक्के. धडधाकट गाडीतही या मांडणीत इंजिनापासून चाकापर्यंत साधारण १५ टक्के जातातच, त्यातले बरेच डिफरन्शियलमध्ये, कारण तिथले दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. त्याच्या वर आधी ब्रेकचे, त्याच्या वर हे २३. मालासकट चढाला उरणार काय?

१४ आणि १५ डिसेंबर

गिअरबॉक्स उतरवणं घरी जमण्यासारखं नाही. वर्कशॉप मिस्त्रींचं, मजुरी ३,५००, मी हाताखाली.

क्लच प्लेट तेलकट. कुठलं तेल ते बघणं महत्त्वाचं, नाहीतर नवी प्लेटही तशीच भिजेल. डिझेल इंजिनाचं ऑइल काळंकुट्ट असतं. हे तपकिरी, चिकट, आणि वास गंधकाचा. गिअर ऑइलच. म्हणजे गळती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून.

सील का गेलं, हे मिस्त्रींनी दाखवलं. लेव्हलचं बूच उघडल्यावर ऑइल त्या भोकाच्या कडेपर्यंत असायला हवं. आमचं बूच काढताच धार लागली, लिटरभर तरी पडलं. शिवाय भलतंच जाड. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये गिअरचा आवाज येतो म्हणून जाड ऑइल ठासून भरलं होतं. वर बॉक्सचा ब्रीदर चिखलाने बुजलेला. ऑइल तापलं की आतली हवा फुगते, तिला वाट नाही, मग ती सीलमधून तेल घेऊनच बाहेर येते. ब्रीदर म्हणजे बोटाच्या पेराएवढी टोपी. सुईने टोकरून हवा मारली, दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य.

सील २२०, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा सेट ६,८००. फ्लायव्हील पॉलिश पेपरवर निघालं.

ऑइल आणताना मी गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल दोन्हीकडे चालेल म्हणून जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल घेऊन आले होते. दुकानदारही तेच म्हणाला. मिस्त्रींनी परत पाठवलं. डिफरन्शियलला जीएल-५च लागतं, पण त्यातली रसायनं गिअरबॉक्समधल्या, गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना सोसत नाहीत. आमच्या पुस्तिकेप्रमाणे बॉक्सला ८०डब्ल्यू-९० जीएल-४. दोन्ही मिळून १,४५०.

डिफरन्शियलच्या बुचाच्या चुंबकावर राखाडी गाळ, पण धातूचे तुकडे नाहीत. गिअर टाकताना मागून 'टक्' आवाज येतो म्हणून मला क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलचे मुख्य गिअरही उघडायचे होते. बाबा ठामपणे नाही म्हणाले. आवाज प्रोपेलर शाफ्टच्या टोकाच्या क्रॉसचा, म्हणजे वाकत्या सांध्याचा निघाला. एका टोपीतल्या सुया कोरड्या, लाल भुकटी झालेली. दोन क्रॉस ९६०. यात ताकद फारशी जात नव्हती, पण तुटला असता तर रस्त्यावरच.

१६ डिसेंबर

५५च्या पुढे गाडी थरथरते. नवी थरथर, आधी नव्हती.

शाफ्ट काढताना मी खुणा केल्या नव्हत्या. सरकणाऱ्या जोडाचे दात चुकीच्या खाचेत बसले आणि दोन टोकांचे क्रॉस एका रेषेत राहिले नाहीत. पुन्हा गाडीखाली, पुन्हा चार बोल्ट. या वेळी सरळ रेषेत बसवून पांढऱ्या रंगाची रेघ मारली. थरथर गेली. अडीच तास आणि भिवंडीच्या हळदीला पोचायला झालेला उशीर. तिथल्या काकूंची मी माफी मागितली.

२२ डिसेंबर, रविवार

पाम बीच: २०.३ सेकंद. आतेभावाच्या गाडीशी जवळजवळ बरोबरी. नवा क्लच अजून बसायचाय, ५०० किलोमीटर जड माल नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

पौष लागलाय, लग्नं नाहीत, गाडी मोकळी. गालिचे, बांबू आणि वर दहा लोखंडी खुर्च्या भरून गायमुख. तिसरा गिअर, ताशी ४२, पूर्ण चढ. बाबांनी खिडकीची काच खाली घेऊन वास घेतला. डिझेलचा होता, पुढच्या ट्रकचा. चौथ्यात ताशी ४० ला पूर्ण दाबून पाहिलं, स्कॅनरवर १,३५० आणि आकडा जागचा हलला नाही.

ॲव्हरेज १०.१ चं १२.६ झालं, तीन टाक्यांवर मोजून. खर्च १७,४३०, गन, काटा आणि वजनाचे पैसे धरून. इंजेक्टरवर घातलेले ११,४०० यात नाहीत.

घरी आल्यावर चाकं मोजली: ७१, ७६, ५७, ६३. मागचा उजवा ड्रम अजून उघडलेला नाही आणि त्याचीही केबल तेवढीच जुनी आहे. तो येत्या शनिवारी. डिफरन्शियलचा ब्रीदरही त्याच दिवशी.